‘ऑफिसात बसून करतात काय?’ त्या फॉरवर्डला माजी हेडक्लार्कचं उत्तर

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातले दोघे माझ्याच हातचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन शाळेबाहेर पडलेले. मजकूर थोडक्यात असा: हायस्कुलाचं सगळं काम आता ऑनलाइन झालंय, तरी ऑफिसात तीन-तीन माणसं चहा पीत बसतात, मे महिन्यात आणि चतुर्थीला त्यांना फुकटची पगारी सुट्टी, साधा दाखला द्यायला तीन दिवस लावतात, मुख्याध्यापक नुसत्या सह्या ठोकतात, तेव्हा तालुक्यातल्या सगळ्या अनुदानित शाळांचं मिळून एकच ऑफिस करावं, सरकारचे पैसे वाचतील.

एका अनुदानित हायस्कुलात एल.डी.सी. म्हणजे कनिष्ठ कारकून म्हणून लागलो आणि एकतीस वर्षांनी हेडक्लार्क म्हणून बाहेर पडलो. चहा प्यायचो, हे आधीच कबूल करतो. बाकीचं एकेक बघू.

सुट्टीचं आधी घेतो, कारण ते लवकर संपतं. मे महिन्याची सुट्टी शिक्षकांना असते. क्लार्क आणि शिपाई ‘नॉन-व्हेकेशन’मध्ये मोडतात. वर्गांना कुलूप, ऑफिस उघडं. मार्चअखेरच्या तिमाहीचं टीडीएसचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं, मग १५ जूनपर्यंत प्रत्येक शिक्षकाच्या हातात फॉर्म सोळा द्यायचा. हे काम मे महिन्यातच येतं, त्याला कोण काय करणार? शिवाय आता पूर्वीचा मे राहिलाय कुठे? २०२५ पासून सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलातच सुरू होतं. ७ एप्रिल २०२५ हा दिवस मी विसरणार नाही. सकाळी नव्या वर्गांची हजेरीपत्रकं द्यायची होती, आणि त्याच संध्याकाळी बोर्डाने दहावीचा निकाल लावला. दुसऱ्या दिवशी खिडकीवर एकीकडे नव्या वर्गांचे पालक, दुसरीकडे अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला मागणारे. आणि चतुर्थीचं म्हणाल तर माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची मांडणी) बांधायला सरकारी ऑफिसांना जी सुट्टी, तीच आम्हाला.

‘सगळं ऑनलाइन झालं’ हे मात्र अर्धं खरं आहे. ऑनलाइन झालं म्हणजे काय झालं, ते सांगतो. यूडायस म्हणजे शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल. त्यात पूर्वी इयत्तेवार आकडे भरले की भागायचं, किती मुलगे, किती मुली, संपलं. २०२२-२३ पासून एकेका मुलाची वेगळी नोंद करावी लागते. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आधार, सगळं. त्यात अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, आला. त्यासाठी पालकांचं संमतिपत्र कागदावरच घ्यायचं, आणि आधारवरचं नाव शाळेच्या नोंदीशी जुळलं नाही की गाडी अडली. पोर्टलवर भरून झालं की त्याचीच प्रिंट काढून, सही-शिक्का मारून भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात नेऊन द्यायची. म्हणजे काम गेलं नाही, एकाचं दोन झालं. पगारबिल, सेवापुस्तिका, आठवीपर्यंतच्या मुलांच्या मध्यान्ह आहाराचा रोजचा आकडा (आज किती पाव-भाजी आली, किती मुलांनी खाल्ली), बालरथाचं (मुलांची ने-आण करणाऱ्या शाळेच्या बसचं) डिझेल, विमा, फिटनेस आणि ड्रायव्हर-अटेंडंटचा पगार, हेही याच टेबलांवर. बालरथ आल्यापासून मला गाडीच्या क्लच प्लेटची किंमत पाठ आहे. शाळेच्या नोकरीत हे शिकेन असं वाटलं नव्हतं.

आता दाखल्याचे तीन दिवस. लोकांचा खरा राग इथेच आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

एक पोरगा भरतीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी आला. मामलेदारांकडून पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला काढायचा, त्याला शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत हवी. “सर, म्हाका आयजूच जाय,” म्हणजे मला आजच पाहिजे. मी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीची वही, काढलं. नाव सापडलं, आडनाव गावकर, इंग्रजीत मध्ये ‘डब्ल्यू’ घालून लिहिलेलं. त्याच्या हातात बापाचा जन्मदाखला होता, त्यावर तेच आडनाव पोर्तुगीज वळणाचं: जी, ए, यू, एन, सी, ओ. वाचणारा ‘गाउन्को’ वाचील. पोराच्या आधारवर शेवटी ‘कर’ होतं, पण रजिस्टरातला तो मधला ‘डब्ल्यू’ नव्हता. तीन कागद, तीन स्पेलिंगं, माणूस एक.

गोव्यात हे घरोघरी आहे. नाईकच्या शेवटी ‘के’ऐवजी क्यू-यू-ई, शंकरच्या सुरुवातीला ‘एक्स’, प्रभूचं पोरोबो, कामतचं कामोतीं. सिव्हिल रजिस्ट्रारच्या वहीत आजोबा एका स्पेलिंगने जन्मले, बाप मराठी प्राथमिक शाळेत देवनागरीत शिकला, पोरगा इंग्रजी हायस्कुलात आला. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ऐकून ऐकून स्पेलिंग लिहिलं. नाव अधिकृतपणे बदलायला इथे १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. क्लार्कने मनानेच ‘सुधारून’ द्यायची ती गोष्ट नव्हे.

तेव्हा मी काय करू शकत होतो? रजिस्टरात जे आहे, तेच अक्षर न् अक्षर दाखल्यावर उतरवायचं, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत. रजिस्टरातच चूक असेल, तर पुरावे लावून मंजुरी घ्यायची, जुनं नाव वाचता येईल असं एका रेघेने खोडायचं, वर लाल शाईने दुरुस्ती, बाजूला आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. व्हाइटनर लावला की तो कागद मेला. त्या पोराचं नशीब, रजिस्टरातलं आणि दहावीच्या सर्टिफिकेटातलं नाव एकच निघालं. दुपारी दीडच्या आत प्रत दिली. बापाच्या कागदाचं पुढे काय करायचं तेही सांगितलं.

पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं. दाखला मागणारा पंचवीस वर्षांपूर्वीचा असला, तर रजिस्टर माळ्यावरच्या कपाटात असतं. आमच्या पावसात तिथे बुरशी तरी येते नाहीतर वाळवी. डांबराच्या गोळ्या ठेवून ठेवून माझ्या बोटांचा वास सुट्टीच्या दिवशीही जायचा नाही. त्यातून साल चुकीचं सांगितलेलं असतं. “सर, मी नव्वद-एक्याण्णवला होतो” म्हणणारा हमखास ८८ चा निघतो.

हे झाल्यावर एक मान्य करतो. तीन दिवसांतला एखादा दिवस आळसाचाही असतो. काही ऑफिसांच्या खिडकीवर माणसाशी बोलण्याची रीत वाईट आहे. समोरच्याकडे न बघता “उद्या यो” म्हणून हाकलणारा मीही पाहिलाय, माझ्याच शेजारच्या टेबलावर पाहिलाय. त्याची तक्रार जरूर करा. पण त्यासाठी ऑफिसच काढून टाका म्हणणं म्हणजे कंडक्टर उर्मट म्हणून बसच बंद करण्यासारखं झालं.

मुख्याध्यापकांच्या सह्यांबद्दल फार लिहीत नाही. ऑडिटवाला आला की आकड्याआधी सही कोणाची ते बघतो, एवढं सांगितलं की पुरे. आमचे सर तासही घ्यायचे. तास संपवून आले की खडूने पांढऱ्या झालेल्या हातानेच बिलांच्या गठ्ठ्याला हात घालायचे.

राहिलं ते तालुक्याचं एकच ऑफिस. पगारबिलापुरतं म्हणाल तर जमेलही, मी हट्ट धरणार नाही. पण दाखल्याचं, गाडीचं, पोराला ताप आला तर घरी फोन करण्याचं काय? पावसात बालरथ वाटेत बंद पडला की अटेंडंट पहिला फोन शाळेच्या ऑफिसात करते. कुठल्या स्टॉपवर कुणाची आजी छत्री घेऊन उभी असते आणि तिच्या शेजाऱ्याचा नंबर काय, हे आमच्या शिपायाला, सगळे त्याला मामा म्हणतात, तोंडपाठ आहे.

आणि हो, जुना दाखला काढायला येणार असाल तर अर्जावर शाळा सोडल्याचं साल लिहा, जन्मदाखल्याची आणि आधारची झेरॉक्स आणा, दहावीचं सर्टिफिकेट असेल तर तेही. साल आठवत नसेल तर निदान वर्गशिक्षकांचं नाव लिहा. मामा त्यावरूनही रजिस्टर काढतो.