मानेतून गळणारा नळ

आमच्या बाथरूममधला नळ तोंडातून कधीच गळला नाही, हे त्याच्या बाजूने आधीच सांगून टाकतो. तो गळायचा मानेतून, म्हणजे जिथे तो भिंतीत शिरतो त्या जोडातून. तोंडातून गळणाऱ्या नळाखाली बादली ठेवली की भागतं. मानेतून गळणारा नळ पाणी आधी स्वतःच्या पोटाखालून फिरवून आणतो आणि मग मनाला येईल तिथे सोडतो. कधी भिंतीवरून, कधी बादलीच्या काठाबाहेर नेमकं दोन बोटं.

आईने पहिल्याच रात्री त्याची सवय ओळखून भिंतीलगत तांब्या ठेवला आणि सकाळी ते पाणी तुळशीला घातलं. मी बत्तीस वर्षं बँकेत नोकरी केलेला माणूस. गळती दिसली की मला आकडा लागतो. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला ४ लिटरहून जास्त पाणी जातंय, असं मी तिला कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद नीट पाहिला आणि म्हणाली, "मग तांब्या पुरायचा नाही. कळशी ठेवते."

प्लंबरला फोन केला. "नवीन नळ बसवायचाय का?" नाही, जोड गळतोय. "बघतो." डोंबिवलीत 'बघतो' म्हणालेला प्लंबर तीन आठवडे नुसता बघतच असतो. चौथ्या रविवारी मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "त्यात आहे काय एवढं? काढायचा, टेप गुंडाळायची, पिळायचा."

"अहो, सोमवारी मला लवकर निघायचंय," बायको म्हणाली. त्या वाक्याचा अर्थ मला सोमवारी कळला.

हार्डवेअरच्या दुकानात पहिला प्रश्न आला, "कितीचा?" मी घरून तयारीने गेलो होतो. नातीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून नळाच्या आट्यांची जाडी मोजली होती. "एकवीस मिलिमीटर," मी ठणकावून सांगितलं.

"म्हणजे अर्धा इंची," दुकानदार म्हणाला.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, हे मला चौथीपासून माहीत आहे. मी वाद घालायला तोंड उघडणार तोच त्याने पाइपचा तुकडा आणि पट्टी दोन्ही पुढ्यात ठेवलं. बाहेरून मोजा, आतून मोजा, तिरकं धरून मोजा, त्या अर्ध्या इंची पाइपात कुठेही अर्धा इंच सापडत नाही. पूर्वी कधीतरी आतलं भोक त्या मापाच्या आसपास असायचं. पाइप बदलत गेला, भोक मोठं झालं, नाव तेवढं राहिलं. आमच्या बँकेतही एक कायम 'नवीन फॉर्म' म्हणून ओळखला जाणारा फॉर्म होता, माझ्या रुजू होण्याआधी छापलेला. त्यामुळे मी मुकाट्याने टेपची दोन रिळं आणि एक पाना घेतला. पाना साडेसहाशेचा. प्लंबर त्या पैशांत तीनदा येऊन गेला असता. आला असता तर.

आता नळ काढायचा तर पाणी बंद करायला हवं. आमच्या गच्चीवर टाकीखाली बारा व्हॉल्व्ह आहेत आणि त्यांवर ऑइलपेंटने घातलेल्या नंबरांपैकी दोनच वाचता येतात. त्या दोनांत आम्ही नाही. मी अंदाजाने जे केलं त्याचा तपशील इथे देत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका डोळ्यांना साबण लागलेल्या अवस्थेत जिन्यात आले होते, एवढं पुरे.

जुन्या नळाच्या आट्यांतून काळी पडलेली सुतळी निघाली. ती कातरत असतानाच न्यू जर्सीहून मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल आला. अमेरिकेत सगळे असली कामं स्वतःच करतात, त्यामुळे मेव्हण्याला सगळं माहीत असतं. सुतळी बघून तो हसला. "भावजी, टेफ्लॉन! आमच्या जर्सीतच लागला शोध त्याचा." मी नंतर पडताळून पाहिलं. चक्क खरं निघालं. १९३८ साली रॉय प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एका सिलिंडरची तोटी उघडली, तर आतला वायू बाहेरच येईना. वजन तर भरलेल्या सिलिंडरएवढंच. शेवटी सिलिंडर कापला, तेव्हा आत पांढरी भुकटी सापडली. ते टेफ्लॉन. म्हणजे तोटी उघडूनही काही बाहेर येत नाही, अशा ठिकाणी ज्याचा जन्म झाला, तो पदार्थ तोटी बंद असतानाही गळणाऱ्या नळासाठी मी टेपच्या रूपात आणला होता. मला तो शुभशकुन वाटला.

पहिल्या वेळी मी टेप उलटी गुंडाळली. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून धरलं, तर टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायला हवी. म्हणजे नळ पिळताना ती आणखी आवळली जाते. मी उजव्या हाताला जशी आली तशी गुंडाळली. नळ पिळायला लागलो तसतशी ती सुटून बाहेर येत गेली आणि शेवटी नळाच्या दोन्ही बाजूंनी मुंडावळ्यांसारखी लोंबू लागली. आई दारात उभी होती. "बाशिंग राहिलं," म्हणाली.

दुसऱ्या वेळी दिशा बरोबर, वेढे आठ, हात घट्ट. नळ छान आवळत गेला. आणि जिथे तो खरोखर घट्ट झाला, तिथे त्याचं तोंड खिडकीकडे होतं.

इथून पुढे माझ्या आयुष्यातले जे चार तास गेले, त्यांचं कारण एवढ्या एका वाक्यात आहे. खिळा ठोकला की ठोकला, स्क्रू आवळला की आवळला, तो कुठल्या बाजूला बघतो याची कोणी चौकशी करत नाही. नळाला मात्र घट्टही व्हावं लागतं आणि खालीही बघावं लागतं, दोन्ही एकाच क्षणी. अर्ध्या इंची नळाला इंचाला १४ आटे असतात. म्हणजे पूर्ण एक फेरा फिरवला तर नळ भिंतीत दोन मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. खिडकीकडून जमिनीकडे यायला पाव फेरा. अर्धा मिलिमीटरही नाही! तेवढ्यासाठी मी पान्यावर जवळजवळ उभा राहिलो. भिंतीतून 'कट्ट' असा आवाज आला. टाइल हलली की माझा खांदा, ते कळेना.

मग मी तीच चूक केली जी सगळे करतात. पाऊण फेरा मागे घेतला. तोंड झकास खाली आलं. वर जाऊन व्हॉल्व्ह उघडला, खाली आलो, तर मानेतून पूर्वीपेक्षा जोरात पाणी. टेप ही मानी वस्तू आहे. एकदा दाबली गेल्यावर मागे घेतलेलं तिला खपत नाही. तिथल्या तिथे फाटते आणि वाट मोकळी करून देते.

ती वाट कशी असते, हे मला त्या दुपारी ओल्या लादीवर बसल्यावर नीट समजलं. आटे म्हणजे डोंगर आणि दऱ्या. नळाचे डोंगर भिंतीतल्या सॉकेटच्या दऱ्यांत बसतात, पण अगदी तळापर्यंत नाही. बारीक फट राहतेच, आणि ती आट्यांबरोबर गोल फिरत बाहेरपर्यंत येते. जुन्या चाळींच्या मागे लोखंडी चक्री जिना असायचा, तसा. पाणी त्या जिन्याने सावकाश उतरतं. टेप काय, सुतळी काय, काम एकच: जिन्यात सामान कोंबून ठेवायचं. आट्यांनाही नियमाप्रमाणे किंचित उतार असतो, दर १६ मिलिमीटरला १ मिलिमीटरचा, म्हणजे पाचर मारल्यासारखा नळ आत जाऊन आवळला जावा. आमच्या नळाला हा नियम कोणी कळवला होता की नाही, शंका आहे.

संध्याकाळपर्यंत मी एकूण पाच वेळा नळ काढला आणि बसवला. सहा वेढ्यांना तोंड दाराकडे. दहा वेढ्यांना छताकडे. बारा वेढ्यांना नळ आत जायलाच तयार नाही. शेवटी दोन्ही रिळं संपली आणि खिडकीकडे बघणारा, थोडासाच गळणारा नळ आम्ही तात्पुरता मान्य केला. सोमवारी सकाळी बायकोने बादली काटकोनात धरून भरली आणि ऑफिसला जाताना कोणाशीही काही बोलली नाही.

मंगळवारी प्लंबर आला. कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आला होता, त्यांनीच वर पाठवला. चपला बाहेर काढून आत आला, नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नळाकडे. माझी टेप त्याने नखाने एका झटक्यात सोलून काढली. करवतीच्या तुटक्या पात्याने आटे खरवडले, म्हणजे सुतळी घसरत नाही. डबीतून बोटभर सफेदा, म्हणजे जोडाला लावायची पांढरी पेस्ट, घेतला, त्यावर सुतळीचे तंतू विंचरल्यासारखे फिरवले आणि नळ आत सोडला. तीन फेरे हाताने, दोन पान्याने. नळ थांबला. तोंड सरळ खाली, ओळंबा लावून घ्यावा असं.

"पण तोंड बरोबर खाली आलं कसं?" मी विचारलं.

"खाली आलं की थांबायचं, काका."

"त्याच्या आधीच घट्ट झाला तर?"

"तर सुतळी जास्त झाली."

"आणि खाली येऊनही सैल राहिला तर?"

"तर कमी झाली."

"पण किती लावायची ते आधी कसं कळणार?"

यावर त्याने हात पुसले. "दोनशे द्या. आणि प्लास्टिकच्या पाइपाला हे करू नका हां, सुतळी फुगली की तडकतं. तिथे टेपच." टेप हा शब्द उच्चारताना तो जरासा हसला, असा मला भास झाला.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी बॅटरी घेऊन बाथरूममध्ये गेलो. वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा जोडाभोवती गुंडाळला आणि दहा मिनिटं बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिलो. कागद सोडला. एक डागही नाही. भिंत कोरडी, मान खडखडीत. उठणार, एवढ्यात टप्प असा आवाज आला.

थोड्या वेळाने आणखी एक.

पाइप पाच-सहा वेळा उघडा पडला, तेव्हा आतला गंजाचा एखादा कण नळाच्या वायसरखाली जाऊन बसला असावा. बॅटरी खाली वळवली. थेंब तोंडातून पडत होता, अगदी सरळ, जिथे पडायला हवा तिथे.

सकाळी पाहिलं तर आईने तांब्या चार बोटं पुढे सरकवून ठेवला होता.