सरपंचबाईंच्या यजमानांना चार समजुतीचे शब्द

सोडतीत सरपंचपद महिलेसाठी निघालं आणि तुमच्या पोटात गोळा आला, हे आम्ही समजू शकतो. पण घाबरू नका. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि तेव्हापासून कितीतरी कर्ते पुरुष खुर्ची न सोडता तरून गेलेत. फॉर्मवर वहिनींचं नाव, बाकी सगळं तुमचं.

फ्लेक्सवर वहिनींचा फोटो जरूर टाका. डोक्यावर पदर, हात जोडलेले. तुमचा त्याच्या दुप्पट. गाडीच्या काचेवर नुसतं 'सरपंच' लिहा, कोण ते गाव समजून घेतं. प्रोसिडिंग बुक घरी मागवा आणि सह्या रात्री भांडी आटोपल्यावर घ्या. झोप अनावर झाली की ठराव कोण वाचतंय!

खरा धोका वेगळाच आहे. बाई खुर्चीत बसली की पाण्याचं बोलायला लागते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर डुफ्लो यांनी बंगालमधला वीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर हे जिल्हे तपासून २००४ साली हे छापूनच टाकलं: जिथे प्रमुखपद राखीव म्हणून बाईकडे गेलं, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. डुफ्लोबाईंना पुढे नोबेलही मिळालं. तुमच्या स्वागत कमानीचं काय होणार, याचा विचार त्या समितीनं केलेला दिसत नाही.

कायद्यानं ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती कागदावरच घ्या. खरोखर भरली तर कोणीतरी आशाताई उठणार आणि विचारणार, उपकेंद्राला कुलूप का? नर्सबाई मुक्कामी का नाहीत? बाळंतपणाच्या टेबलावर टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या पावडरची, पोती कोणी रचली, आणि ती टाकीत कधी पडणार? यावर 'वर कळवलंय' एवढंच उत्तर द्यायचं. वर म्हणजे कुठे, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. ग्राम आरोग्य समितीचा वर्षाकाठी दहा हजारांपर्यंतचा निधी असतो, हेही वहिनींच्या कानावर जाऊ देऊ नका. रक्कम किरकोळ आहे, पण बाईला हिशेबाची सवय लागली की ती पेव्हर ब्लॉकच्या बिलापर्यंत पोचते.

दारूचं दुकान चालवणारा तुमचा मेव्हणा असेल, तर जास्तच जपा. गावातल्या पंचवीस टक्के बायकांनी सह्या केल्या की मतदान लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी 'आडवी बाटली'वर शिक्का मारला की शटर खाली! त्या दिवशी गावात हळदीकुंकू ठेवा, लांबच्या देवीची फुकट सहल काढा, काहीही करा. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच कामी येते.

वरच्या पातळीवर मात्र निर्धास्त राहा. २८८ जणांच्या विधानसभेत २०२४ साली पंचवीससुद्धा बायका निवडून आल्या नाहीत. तेहतीस टक्क्यांचा कायदा २०२३ मध्येच झाला, पण आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग बघू. कायदा करावा तर असा. तरीही एखादी बाई सभागृहात पोचली की गोंधळ होतोच. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढण्याचा विषय २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे गेला आणि ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्याआधी किती हंगाम शांततेत पार पडले होते! पाळीपायी खाडा नाही, मुकादमाची उचल बुडत नाही, कोणाची तक्रार नाही.

पाच वर्षं अशीच काढा. पुढच्या सोडतीत जागा खुली निघाली, तर गुलाल तुमचाच. फक्त त्या आठवड्यात वहिनींवर लक्ष ठेवा. खुल्या जागेवर बाईनं उभं राहू नये, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, आणि हे त्यांना आशाताईंनी केव्हाच सांगितलंय.