पावडर टाकलीय का?

सिंक तुंबलं म्हणून प्लंबरला बोलावलं. तो खाली वाकला, ट्रॅपला, म्हणजे सिंकखालच्या पाइपातल्या वाटीसारख्या भागाला, हात लावणार तेवढ्यात थांबला आणि मान वर करून म्हणाला, "पावडर टाकलीय का?"

"हो, काल रात्री. आणि सकाळी परत थोडी."

तो काही बोलला नाही. पिशवीतून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे काढले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मला लांब व्हायला सांगितलं. आपण परस्पर काय करून ठेवलंय ते मला तेव्हा कळलं. सिंकमध्ये जे गढूळ पाणी साचलं होतं ते नुसतं घाण पाणी नव्हतं, कातडी भाजणारं पाणी होतं. आणि त्यात हात घालायची पाळी माझ्यावर नाही, दुसऱ्याच माणसावर येणार होती.

ती पावडर म्हणजे बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा. पाण्यात पडला की तापतो, तेलकट थराचा साबण करतो, केसही विरघळवतो. काही पुड्यांत ॲल्युमिनियमचे कण असतात, त्यांच्यामुळे गॅस सुटून खाली ढवळाढवळ होते. कागदावर झकास. पण पाणी साचून राहिलेलं असेल तर पावडर बोळ्यापर्यंत नीट पोचत नाही, वाटेतच बसते आणि कधीकधी गार होऊन दगडासारखी घट्ट होते. माझ्याकडे नेमकं तेच झालं. तुंबलेलं काढायला टाकलेली वस्तूच आत तुंबून बसली.

त्याने ट्रॅप फिरवून काढला, बादलीत उपडा केला. आधी करड्या रंगाचा, मेणासारखा लगदा थपकन पडला. त्यात भांडी घासायच्या काथ्याचे धागे, लेबलाचा एक तुकडा, आणि गेले कित्येक महिने आम्ही एकमेकांवर आळ घेत होतो तो लहान चमचा. पाठोपाठ पांढरा टणक खडा. वास कसा होता ते लिहीत नाही.

मला लाज वाटली ती त्या लगद्याची नाही. ट्रॅप हाताने उघडतो, पान्याचीही गरज लागत नाही, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं याची वाटली. खाली बादली ठेवायची, प्लास्टिकची चकती उलटी फिरवायची, वाटी रिकामी करून ब्रशने घासायची, वायसर जागेवर बसवून परत आवळायची. दहा मिनिटं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वायसर उलटा बसला आणि कपाटात पाणी झालं, ते सोडा. (आणि ट्रॅपमधलं पाणी ओतायला तोच सिंक वापरू नका. मी वापरला. खाली ट्रॅप नव्हता.)

ट्रॅपमध्ये पाणी मुद्दामच साठवलेलं असतं. गटारातला वायू आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून ते झाकण. पाणी असं अडून राहावं म्हणून पाइपाला बाक देण्याचं पेटंट अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 मध्ये घेतलं. न वापरलेल्या बाथरूममध्ये दुर्गंधी येते ती बऱ्याचदा हे पाणी सुकल्यामुळे. अशा वेळी फिनेल नको, मगभर पाणी ओता, वास थांबतो.

खरा गुन्हेगार तेल. गरम असताना पाण्यासारखं वाहून जातं, म्हणून आपल्याला वाटतं गेलं. ते पुढे जाऊन गार होतं, पाइपाला आतून चिकटतं, जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून त्याचा चिवट, न विरघळणारा साबण होतो आणि बाकीचं सगळं त्यावर अडकत जातं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 मध्ये गटारात असाच 250 मीटर लांब, 130 टनांचा गोळा सापडला होता. तेल, चरबी आणि न विरघळणारे ओले वाइप्स. त्याचा तुकडा पुढे चक्क संग्रहालयात मांडला. आपल्या सिंकखाली त्याचंच पिल्लू वाढत असतं. म्हणून तेलकट भांडं आधी कागदाने पुसायचं, मग धुवायचं. या एका सवयीपुढे बाकीचे सगळे उपाय फिके आहेत, असं माझं मत आहे.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचे व्हिडिओ मला पाठवू नका. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे उरतं जवळजवळ खारट पाणी. मेणचट थराला त्याने काय होणार? उकळतं पाणीही नको. पीव्हीसीचा पाइप साधारण 60 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. आणि एक क्लीनर चालला नाही म्हणून दुसरा ओतणं तर अजिबात नको. ब्लीचवर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये.

बाथरूमला केसांसाठी जाळी बसवा, विषय संपला. रबरी पंप मारताना बेसिनचं वरचं छोटं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. एकच बेसिन तुंबलं तर दोष बहुधा त्याच्याच ट्रॅपमध्ये. एकदम सगळीकडेच पाणी हळू जातंय, एकीकडे सोडलं की दुसरीकडे गुडगुड होतंय, तर अडथळा पुढच्या मोठ्या लाइनमध्ये. ते आपलं काम नाही, प्लंबरला बोलवा.

मलाही बोलवावं लागलं, वर्षभराने. तोच प्लंबर. तोच प्रश्न. मी छाती फुगवून म्हटलं, "नाही, एक कणही नाही."

त्याने मान डोलावली आणि हातमोजे काढून चढवले.

"सगळे नाहीच म्हणतात," तो म्हणाला.