बरे झाल्यावर एकदा वॉर्डात जाऊन या

दीड वर्षापूर्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन मी गोव्यात डिचोलीला घरी परतलो, तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रात आभाराचे चार ओळींचे निवेदन दिले. मला स्वतःचे मूत्रपिंड देणाऱ्या थोरल्या ताईचे आभार त्यात होते, डॉक्टरांची नावे होती, शांतादुर्गेच्या कृपेचा उल्लेख होता आणि सर्वांत शेवटी ‘तसेच परिचारिका व इतर कर्मचारीवर्ग’ असे शब्द होते. ते कात्रण परवा कपाटात सापडले आणि ती शेवटची ओळ वाचताना मला मनापासून वाईट वाटले. ज्या सिस्टरांनी माझ्या उशाशी रात्री जागून काढल्या, त्यांच्यापैकी एकीचेही नाव मी लिहिले नव्हते.

प्रत्यारोपणाच्या बाबतीत परिचारिकेचे काम नेमके काय असते, हे बाहेरून कळत नाही. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते, पण बसवलेले मूत्रपिंड काम करू लागले की नाही, हे पुढचे दिवस तासातासाला पाहावे लागते. मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि जुनी मूत्रपिंडे बहुधा तशीच आत राहतात. पहिल्या रात्री माझ्या खाटेजवळच्या सिस्टर दर तासाला खाली वाकून लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाचत, तो तक्त्यात लिहीत आणि तेवढ्याच हिशेबाने सलाईनचा वेग बदलत. पाणी कमी पडले तर नव्या मूत्रपिंडाला रक्त कमी मिळते आणि जास्त झाले तर ते फुप्फुसात साचते, त्यामुळे हा हिशेब एक तासही चुकवून चालत नाही. अडीच वर्षे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसवर काढलेल्या माणसाला, ज्याची लघवी जवळजवळ बंदच झाली होती, त्या पिशवीत पडणाऱ्या थेंबांचे मोल काय वाटत असेल, हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

त्याच रात्रीची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ताई दुसऱ्या वॉर्डात होती. दाता हा धडधाकट माणूस दुसऱ्यासाठी स्वतःहून रुग्ण होतो आणि शस्त्रक्रियेनंतर भेटायला येणारी माणसे मात्र आधी दुसऱ्या खाटेकडे धावतात. ताईला टाक्यांची कळ लागत होती, पण ती एकच गोष्ट विचारत होती. माझ्याजवळच्या सिस्टरांनी पहाटे आपल्या चहाच्या वेळात तिच्या वॉर्डापर्यंत जाऊन सांगितले, ‘तुमच्या भावाक लघवी जाल्या, आतां न्हिदात.’ ताई म्हणते की, त्यानंतर तिला झोप लागली. हे काम कुठल्याही तक्त्यात लिहिले जात नाही.

माझे मूत्रपिंड घरातून आले, पण मेंदूमृत दात्याकडून अवयव मिळालेल्यांवर तर अशा परिचारिकांचेही ऋण असते, ज्यांना ते कधीच भेटणार नाहीत. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी केल्यावरच मेंदूमृत्यू जाहीर होतो. दात्याच्या नातेवाइकांनी संमती दिल्यावर शस्त्रक्रियागृहात जाईपर्यंत त्या देहाचा रक्तदाब, तापमान आणि क्षार सांभाळायचे असतात, तेही बाहेर बसलेल्या आईवडिलांना धीर देत. दाता आणि प्राप्तकर्ता यांची ओळख गुप्त राहत असल्याने त्या सिस्टरांपर्यंत आभाराचा एक शब्दही सहसा पोहोचत नाही. दर वर्षी ३ ऑगस्टला, म्हणजे १९९४ साली दिल्लीच्या एम्समध्ये देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण झाले त्या दिवशी, अवयवदान दिन साजरा होतो. त्या व्यासपीठावर अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला बोलावले जावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

घरी सोडण्याआधी एका सिस्टरांनी माझ्यासमोर गोळ्यांची पाकिटे आणि आठवड्याच्या कप्प्यांचा डबा ठेवला आणि सांगितले, ‘तुम्हीच भरा, घरी मी नसणार.’ मी दोनदा चुकलो. त्यांनी दोन्ही वेळा डबा पूर्ण रिकामा केला आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला लावले. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून असलेली टॅक्रोलिमसची गोळी बरोबर बारा तासांच्या अंतराने घ्यायची आणि रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी रक्त देऊन झाल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नाही, हे त्यांनी माझ्याकडून आणि माझ्या पत्नीकडून वेगवेगळे वदवून घेतले. तेव्हा मला ते जाचक वाटले होते. आज वाटते की, शरीराने अजून हे मूत्रपिंड नाकारलेले नाही, त्यात त्या रिकाम्या केलेल्या डब्याचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याकडे आभार म्हणजे पेढ्यांचा खोका. तो चुकीचा नाही, पण खोका कुणी दिला हे संध्याकाळपर्यंत विसरले जाते. त्याऐवजी कुठल्या सिस्टरांनी कुठल्या रात्री काय केले, हे नावानिशी एका कागदावर लिहून मेट्रनकडे द्यावे. आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे बरे झाल्यावर स्वतः जाऊन भेटावे. वॉर्डातल्या सिस्टरांना आपण दिसतो ते नळ्या लावलेले, सुजलेले, घाबरलेले. बरा झालेला माणूस पुढे बाह्यरुग्ण विभागातूनच परततो आणि वॉर्डात पुन्हा दिसतो तो बहुतेक वेळा ताप किंवा संसर्ग घेऊनच. म्हणजे ज्यांनी आपल्याला उभे केले, त्यांना आपण उभे असलेले दिसतच नाही.

मी गेल्या सोमवारी गेलो. मास्क लावून, आधी विचारून, वॉर्डाच्या दाराबाहेरच उभा राहिलो, कारण आत जाणे माझ्यासाठीही बरे नव्हते आणि तिथल्या रुग्णांसाठीही नव्हते. पहिल्या रात्रीच्या त्याच सिस्टर बाहेर आल्या आणि क्षणभर मला ओळखू शकल्या नाहीत. मी खाटेचा नंबर सांगितला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘क्रिएटिनिन कितें?’ मूत्रपिंड नीट चालले आहे की नाही, ते रक्तातल्या या घटकावरून कळते. मी ‘१.२’ म्हणालो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिले, ताई कशी आहे ते विचारले, आणि मग आत वळून, मला बघायला ये म्हणून नव्या सिस्टरला हाक मारली, ‘हांगा यो, हांका पळय.’