बालीत गुंठा 26 हजारात? टोकन द्यायच्या आधी एवढं वाचा

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात असा: इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या मेडेवी गावात समुद्राला लागून गुंठा फक्त 26 हजार, एअरपोर्टपासून तासभर, हिंदू गाव, भारतीयांना व्हिसा लागत नाही, जमीन कागदावर 'विश्वासू स्थानिक माणसाच्या' नावावर पण खरे मालक तुम्हीच, महिना 15 हजारात राजासारखं राहा, मोजकेच प्लॉट शिल्लक. मी असल्या गोष्टी न वाचता डिलीट करतो. पण आमच्या काकांनी, ज्यांची रिटायरमेंटची एफडी नुकतीच सुटलीये, मला विचारलं की टोकन जीपे करू का रे, तेव्हा मात्र डोकं फिरलं.

आधी फोटो. पांढरी वाळू, निळंशार पाणी. मेडेवीचा किनारा काळ्या गोट्यांचा आहे हो! अनवाणी चालून दाखवा. तिथे सर्फिंगवाले येतात ते डावीकडे फुटत जाणाऱ्या लांब लाटेसाठी, वाळूत लोळायला नाही. म्हणजे ज्याने मेसेज बनवला त्याने गाव पाहिलेलंच नाही, किंवा पाहिलंय आणि तुम्ही पाहणार नाही याची त्याला खात्री आहे.

आता मुख्य विषारी मुद्दा, स्थानिक माणसाच्या नावावर जमीन. इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा 1960 चा, कायदा क्रमांक 5. त्याचं कलम 21 सांगतं की पूर्ण मालकी, तिकडे 'हाक मिलिक' म्हणतात ती, फक्त इंडोनेशियन नागरिकालाच. ठीक, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, म्हणून तर दुसऱ्याच्या नावाची आयडिया निघाली. पण कलम 26 चं दुसरं पोटकलम एजंट कधीच वाचून दाखवत नाहीत. परदेशी माणसाकडे ही मालकी सरळ किंवा आडमार्गाने जावी म्हणून केलेली विक्री, अदलाबदल, बक्षीस, मृत्युपत्र, काहीही असो, ते कायद्यानेच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. पुन्हा वाचा. पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे तुम्ही फसलात म्हणून कोर्टात गेलात तर पहिली गोष्ट तुम्ही स्वतःच सिद्ध करणार की व्यवहार बेकायदा होता.

एजंट म्हणतो घाबरू नका, आपण चार कागद करून घेतो. ते कागद असे असतात: जमीन त्या स्थानिक माणसाच्या नावावर, त्याने तुमच्याकडून तेवढ्याच रकमेचं कर्ज घेतलं असा एक करार, त्याने तुम्हाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र, आणि पैसे खरे यांचेच असं एक कबुलीपत्र. दिसायला भारी, नोटरीचे शिक्के वगैरे. पण हे सगळे कागद मिळून एकच गोष्ट सांगतात की हा आडमार्ग आहे, म्हणजे कलम 26 ला पुरावा तुम्हीच फाईल करून ठेवला. आणि तो माणूस भला असेलही, पण उद्या तो गेला तर वारस त्याची मुलं, तुमची नाही. त्याने ती जमीन बँकेत तारण ठेवली तर बँक जमिनीच्या सर्टिफिकेटवरचं नाव बघणार. आपल्याकडे सख्ख्या भावाच्या नावावर घेतलेला गुंठा परत मिळवताना काय काय होतं ते सातबारा बघून बघून आयुष्य घालवलेल्या काकांना मी सांगायला नको, आणि तोच माणूस समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसावर विश्वास टाकायला निघालाय.

आणि असा कायदा करण्यात इंडोनेशियावाल्यांचं काही चुकतंय असंही नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाहीच की, परवानगी काढावी लागते. तेव्हा आपण म्हणतो बरोबर आहे, नाहीतर बाहेरचे सगळं गिळतील. मग तिकडच्या भातखाचरवाल्याने तेच म्हटलं तर?

अर्धसत्य एक आहे, मान्य करतो. परदेशी माणसाला तिथे काहीच करता येत नाही असं नाही. भाडेपट्टा करता येतो. राहण्याचा परवाना असेल तर 'हाक पाकाई' म्हणून वापराचा हक्क मिळतो, 30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ, मग 30 चं नूतनीकरण, 2021 च्या नियमांत ते आहे. कंपनी काढायची तर परदेशी गुंतवणुकीच्या कंपनीला 10 अब्ज रुपियाहून (रुपिया म्हणजे तिकडचं चलन) जास्त गुंतवणूक दाखवावी लागते आणि त्यात साधारणपणे जमीन-इमारत धरत नाहीत. आपल्या हिशेबाने पाच कोटींच्या वर. एफडी किती होती काका?

26 हजाराचा आकडा कुठून आला तेही सांगतो, कारण तो पूर्ण खोटा नाही आणि म्हणूनच जास्त घातक आहे. बालीत जमीन 'आरे'त मोजतात, 100 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आपला गुंठाच (101 आणि थोडं). भाडेपट्ट्याचा भाव सांगतात तो दर आरेला, दर वर्षाला. मेसेजातला आकडा रुपियात केला तर 50 लाख होतात, एका रुपयाला साधारण 190 रुपिया धरून. आता समजा 10 गुंठे, 25 वर्षांचा करार, आणि अशा करारांत सगळं भाडं बहुतेक वेळा आधीच मोजून घेतात: 50 लाख गुणिले 10 गुणिले 25, म्हणजे 125 कोटी रुपिया, आपले 65 लाखांच्या वर. आणि 25 वर्षांनी जमीन मालकाला परत, वर बांधलेलं घर कोणाचं ते करारात काय लिहिलंय त्यावर. मेसेजातून फक्त 'दर वर्षाला' एवढंच खोडलंय. आकडा तेवढा खरा!

'समुद्राला लागून' याबद्दल पण. तिकडे किनाऱ्याचा राखीव पट्टा असतो, 2016 च्या राष्ट्राध्यक्षांच्या नियमाप्रमाणे भरतीच्या सर्वात वरच्या रेषेपासून आत किमान 100 मीटर. आपल्या किनाऱ्यावरच्या सीआरझेड नियमासारखंच. कोणी म्हणेल तिथे सगळे बांधतात, कोण विचारतंय. विचारतात. जुलै 2025 मध्ये दक्षिण बालीत बिंगिनच्या किनाऱ्यावरची होमस्टे, हॉटेलं, खाण्याच्या जागा सरकारी जमिनीवर आहेत म्हणून पाडायला घेतल्या, कित्येक वर्षं चालू असलेल्या. आणि सरकारने सोडलं तरी समुद्र सोडेल असं नाही, मेडेवी ज्या जेंब्राना जिल्ह्यात येतं त्याच जिल्ह्यात पेबुआहानला किनारा खचून घरं गेलीयेत. शिवाय किनारा सगळ्यांचा. न्येपीच्या (बालीच्या मौनाच्या सणाच्या) आधी मेलास्ती नावाच्या विधीला गावचे लोक देव घेऊन समुद्रावर जातात, त्या वाटेवर कुंपण घालून बघा, गावची पंचायत काय करते ते कळेल.

हिंदू गाव, आपलीच संस्कृती. हे वाक्य काकूंना जास्त पटलं म्हणे. देवळं आहेत, दारात रोज फुलांचा नैवेद्य ठेवतात, मेडेवीजवळ समुद्रावर रांबुत सिवीचं देऊळ आहे, सुंदर आहे, जाऊन या. पण जेंब्रानात मुसलमान वस्तीही पिढ्यान्पिढ्यांची आहे, लोलोआनला बुगी नावाच्या दर्यावर्दी मुसलमान लोकांचे वंशज आहेत, पेंगांबेंगान बंदरावर तारलीच्या जातीची मासळी उतरते आणि डबाबंद होते. सगळे शेजारी राहतात, एकमेकांच्या सणाला जातात. आणि शाकाहाराचं म्हणाल तर मिरचीच्या चटणीत, म्हणजे सांबालमध्ये पण बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट असते, बालीच्या हिंदूंच्या सणाला डुक्कर भाजतात. आपलीच संस्कृती म्हणून गेलात तर पहिल्या जेवणालाच गडबडाल. जमिनीच्या कायद्याला तर तुमचा धर्म दिसतच नाही, त्याला फक्त पासपोर्ट दिसतो.

व्हिसा लागत नाही हे 2016 नंतर काही वर्षं खरं होतं, भारत फ्री एंट्रीच्या यादीत होता. कोविडमध्ये ते बंद झालं आणि 2023 मध्ये यादीतूनच काढलं. आता विमानतळावर किंवा ऑनलाइन 5 लाख रुपिया, 30 दिवस, एकदाच आणखी 30 वाढतात. वर बालीचा 1 लाख 50 हजार रुपियांचा पर्यटन कर वेगळा. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला 10 लाख रुपिया दंड, आणि 60 दिवसांच्या वर गेलात तर हाकलतात, परत येऊ देत नाहीत. या व्हिसावर होमस्टे चालवून उत्पन्न काढू म्हणणाऱ्यांना तर दंडवत, त्याला कैदेची तरतूद आहे.

एअरपोर्टपासून तासभर? विमानतळ पार दक्षिणेला, मेडेवी पश्चिमेला सत्तर-ऐंशी किलोमीटर, आणि रस्ता एकच, देनपासार (बालीची राजधानी) ते गिलिमानुक (पश्चिम टोकाचं बंदर). जावा बेटाच्या फेरीबोटीला जाणारे सगळे ट्रक त्यावर, दोन पदरी, वळणावळणाचा. अडीच-तीन तास धरून चाला. मेसेजात 'नवीन टोलरोड' पण आहे. त्याचं भूमिपूजन 2022 ला झालं, मग काम अडकून पडलं. गावात गेल्यावर स्वतःची गाडी नसेल तर स्कूटर भाड्याने, आणि लायसन्स योग्य नसेल तर अपघातात इन्शुरन्स हात वर करतो.

महिना 15 हजार. एकट्याने, साध्या खोलीत, वारुंगमध्ये (छोट्या खानावळीत) भात-भाजी-मासा खाऊन कदाचित निघेल, त्याला राजासारखं म्हणायचं तर म्हणा.

आणि ज्यांना एवढं वाचूनही जायचंय त्यांनी एक करा. टोकन मागणाऱ्याला म्हणा सर्टिफिकेटचा नंबर दे, मी तिकडच्या जमीन कार्यालयातून त्यावरचं नाव तपासून घेतो, जागेचा झोन कोणता ते पण बघतो, भातशेतीच्या राखीव झोनमध्ये असेल तर घर बांधताच येणार नाही, आणि पैसे बँकेतूनच परदेशात पाठवीन, हवाल्याने नाही, जीपेवर तर नाहीच. काकांनी काल एवढंच टाइप करून पाठवलं. समोरच्याने त्यांना ब्लॉक केलंय.