टोमॅटोचे बूड काळे पडणे आणि कॅल्शियम : एक खुलासा

टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडून सडू लागले की जमिनीत कॅल्शियम कमी आहे, म्हणून कॅल्शियम नायट्रेटची मात्रा दुप्पट करावी, असा सल्ला सध्या फिरत आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते आणि एकदा पानात पोहोचले की तेथून फळाकडे जवळजवळ वळत नाही. फळातून बाष्पोत्सर्जन (पाण्याची वाफ होऊन बाहेर पडणे) फार कमी होत असल्यामुळे त्याच्या वाट्याला मुळातच थोडे कॅल्शियम येते. त्यात एक पाळी कोरडी आणि पुढची भरपूर असे ओलित झाले, तर जमिनीत पुरेसा साठा असूनही वाढत्या फळाच्या टोकाची उपासमार होते. पानांवरील फवारणीचा उपयोग मर्यादित राहतो, तोही याच कारणाने.

अमोनियमयुक्त नत्र (नायट्रोजन) किंवा पालाश (पोटॅश) गरजेपेक्षा जास्त दिल्यास मुळांशी कॅल्शियमचे शोषण घटते. शिवाय कॅल्शियम नायट्रेटमध्ये सुमारे 15.5 टक्के नत्र असते, हे सल्ला देणारे सांगत नाहीत, आणि मला तीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते : दुप्पट मात्रेने पाला माजतो, आणि पाणी व कॅल्शियम पानेच ओढून घेतात.

आम्लधर्मी, हलक्या जमिनीत खरी कमतरता असू शकते. मात्र ती माती परीक्षणातूनच ठरवावी. तोपर्यंत ओलावा एकसारखा राखावा, आणि ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट देताना त्याच टाकीत सल्फेट किंवा फॉस्फेटयुक्त खत मिसळू नये, कारण साका बसून ड्रिपर बंद पडतात.