पूर आल्याचा दाखला जोडावा

नागपुरात घर घेताय? अभिनंदन. बेसा घ्या, मनीषनगर घ्या, वर्धा रोडवर जामठ्याच्या पुढे घ्या. भाव वाढतच राहणार, असं मिहान प्रकल्पाचं नाव निघाल्यापासून लोक सांगून राहिले आहेत. सांगणाऱ्यांनी आपापले प्लॉट कधीच विकले, पण तो वेगळा विषय.

घर म्हटलं की कर्ज, आणि कर्ज म्हटलं की विमा. हा विमा कशाचा, हे चुकूनही विचारू नका. बँकेत साहेब पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतात, तिथे तिथे सही करत जावं. "सर, हा इन्शुरन्स आहे, कंपल्सरी आहे." कंपल्सरी म्हटलं की आपण गप्प. अमुकच कंपनीची पॉलिसी घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही, असा नियम आहे म्हणे. नियम तर हेल्मेटचाही आहे. प्रीमियम हातातून द्यावा लागत नाही, तो कर्जातच टाकतात, म्हणजे पुढची 20 वर्षं त्यावर व्याज भरायचा आनंद वेगळाच. पुढे कधी कागद उघडलाच तर दिसेल की विमा घराचा नाहीच, तुमचा आहे. तुम्ही गेलात तर बँकेचे पैसे बुडू नयेत एवढीच त्यातली माया. घर वाहून गेलं आणि दुर्दैवाने तुम्ही वाचलात, तर त्यातून छदाम मिळत नाही.

आयुर्विम्याची पॉलिसी हाती पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. ते दिवस तुम्ही वास्तुशांतीत घालवा.

व्याजदरांकडे लक्ष देऊ नका. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून 6.50 वर गेला, तेव्हा वाढ न बोलावता तुमच्या दारात आली. 2025 मध्ये तो 5.25 पर्यंत उतरला आणि तुम्ही आशेने बँकेत गेलात. "सर, तुमचं लोन जुन्या बेसवर, म्हणजे व्याज ठरवायच्या जुन्या पद्धतीवर आहे. स्विच करावं लागेल. त्याचे चार्जेस आहेत." चहा घ्या आणि परत या.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. घराच्या विम्यावर 18 टक्के कायम आहे. घर ही चैन आहे, हे यावरून ओळखावं.

विम्याची रक्कम लावताना फ्लॅटचा बाजारभावच लावा. जमीन जळत नाही, वाहून जात नाही, पण तिचाही प्रीमियम तुम्ही भरत असाल तर एजंट भाऊ कशाला अडवतील? कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा आजचा दर, हा सरळ हिशेब मांडायला गेलात तर आकडा उगाच खाली येतो.

सोनं कपाटात ठेवा आणि तेही विम्यातल्या 'सामाना'त धरलंय असं समजत राहा.

आणि 'भारत गृह रक्षा' हे नाव तर तोंडातून काढूच नका. 1 एप्रिल 2021 पासून घराचा विमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे ही एकसारखी पॉलिसी असावी लागते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, टाकी फुटणं, सगळं त्यात बसतं. घरासाठी जी रक्कम लावली तिच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, सामानही आपोआप धरलं जातं. रक्कम जरा कमी लावली गेली तरी त्या प्रमाणात क्लेमला कात्री लावायची नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. एजंट भाऊंना ही पॉलिसी सहसा आठवत नाही. तिचा प्रीमियम इतका कमी, की त्यात त्यांचं काय सुटणार?

23 सप्टेंबर 2023 ची पहाट विसरून जा. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला आपण नदी असल्याचं आठवलं, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतली माणसं गच्चीवर. नंतर घरटी 10 हजारांचं सानुग्रह अनुदान. असं काय दरवर्षी होतं का? झोपा निवांत.

आता क्लेम. इथे मात्र माझा सल्ला जरा लांबेल, कारण जखम ताजी आहे.

आमच्याकडचा रस्ता सिमेंटचा झाला, तेव्हापासून रस्ता वर आणि आमचा ओटा खाली. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. यंदाच्या पावसात तळमजल्यात गुडघाभर पाणी आलं. पॉलिसी होती, पुराची होती, वेळेवर भरलेली होती. फोन केला. "आपकी कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है." नुकसान तपासणारे कंपनीचे सर्वेअर उगवले तेव्हा भिंती वाळत आल्या होत्या, पण स्वीचबोर्डाच्या जरा खाली चारही भिंतींवर एका पातळीत गेलेली गाळाची तपकिरी रेघ तशीच होती. गव्हाच्या पोत्याला मोड आलेले. दिवाणाचा प्लाय फुगून पुरीसारखा झालेला. साहेबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, रुमालाला पुसलं आणि विचारलं, "पाणी आलं होतं, याला पुरावा काय?"

म्हटलं, साहेब, बोट.

ते हसले नाहीत. हवामान खात्याचा दाखला लागेल म्हणाले. पेपरचं कात्रण लागेल, आणि त्यात आमच्या लेआउटचं नाव छापलेलं पाहिजे. दिवाणाचं बिल लागेल. फ्रिजचं बिल, तेही जीएसटीचं. फ्रिज जीएसटीच्या आधी जन्मला, त्याला मी काय करू? मग भिंतीच्या पोपड्यावर टिचकी मारून म्हणाले, "हे पुराचं नाही, ओल आहे. सीपेज. सीपेज कव्हर नाही." शेजारच्या काकू दारातून ऐकत होत्या, त्यांना राहवलं नाही. "अन् मंग एका रात्रीत चारही भिंतीइले ओल आली का हो, ते बी पट्टीनं रेघ मारून?"

तेव्हा वाचकहो, आजपासून घरी पाऊस मोजायचं यंत्र बसवा. लग्नातल्या आहेराची बिलं मामांकडून आणून लॅमिनेट करा. पाणी घरात शिरताना दिसलं की सामान वर उचलत बसू नका, आधी वार्ताहराला फोन करा, लेआउटचं नाव नीट लिहून घ्यायला सांगा, आणि मग...

नाही, बस झालं.

हप्ता घेताना मोबाईलवर दोन मिनिटांत पॉलिसी देता, तेव्हा दिवाणाचं बिल मागितलं होतं का? तेव्हा आमच्या भिंतीतली ओल दिसली नव्हती का? विमा नियामकाचा 2024 चा आदेश आहे: क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्वेअर नेमायचा, 15 दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा, अहवाल आल्यापासून 7 दिवसांत निर्णय द्यायचा. कागद कमी आहेत एवढ्यावर क्लेम नाकारायचा नाही, हेही त्यातच आहे. हे तुमच्या धंद्याचे नियम आहेत आणि ते मी तुम्हाला वाचून दाखवायचे? लाज वाटत नाही?

आणि तुम्ही लोकसुद्धा! तीन हजारांची साडी उजेडात नेऊन, काठ उलटून बघता, आणि लाखांच्या कागदावर न वाचता सही ठोकता. घराचा विमा आहे की कर्जाचा, ते आजच काढून बघा. पाणी शिरलं तर चिखल काढायच्या आधी व्हिडिओ घ्या, सोबत स्वीचबोर्ड, दार, काहीतरी मापाला दिसू द्या. त्याच दिवशी कळवा, क्लेम नंबर मागून घ्या. सर्वेअर तोंडी काही बोलला तर तेच ईमेलवर लिहून पाठवा. कंपनीने नाकारलं की आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. तिथेही दाद लागली नाही, तर विमा लोकपाल आहे, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी फुकट ऐकतो, वर्षाच्या आत जावं लागतं. "कोण भांडत बसेल बाप्पा" म्हणून घरी बसता, म्हणूनच यांचं फावतं.

आणि कंपनीवाल्यांनो, क्लेम नाकारायचा असेल तर खुशाल नाकारा. पण पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली, ते सही-शिक्क्यानिशी लेखी द्या. तोंडी सीपेज चालणार नाही.